‘येणार नाही’ आणि ‘नाहीच’

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक जी कामे घेऊन येतात ती ठरलेली असतात. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्या, निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचे मानपत्र लिहून द्या, पुण्यस्मरणाचा मजकूर चार ओळींत बसवून द्या. आम्ही उभयता एकाच महाविद्यालयात वीसेक वर्षे मराठी शिकवीत आलो आहोत, आणि आमच्या या निनावी लेखनाचा व्याप आमच्या नावावर छापल्या गेलेल्या लेखनाहून कितीतरी मोठा आहे, हे कबूल करायला हरकत नाही. मात्र २०२३ च्या आषाढात आमची भाची जे कागद घेऊन आली ते या यादीत बसणारे नव्हते. कॅनडात स्थायिक झालेल्या पतीने पत्नीला बोलावून घेण्यासाठी करावयाच्या अर्जाचे ते कागद होते. ‘मामा, मामी, तुम्ही दोघं एकदा वाचा,’ ती म्हणाली, ‘इंग्रजी मला कळतं, पण त्यांना नेमकं काय हवंय ते कळत नाही.’

संहितेचे काळजीपूर्वक वाचन हा आमचा व्यवसाय. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने चष्मे चढवले.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. भाचीचा पहिला विवाह कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीने संपुष्टात आला, त्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती. त्या विवाहातला मुलगा दहा वर्षांचा होता आणि आईजवळ, म्हणजे पर्यायाने आजीआजोबांजवळ, वाढत होता. २०२२ च्या डिसेंबरात तिने दुसरा विवाह केला. जावई मूळचे सोलापूरकडचे. आता ओंटारिओत नोकरी करणारे, कॅनडाचे कायम रहिवासी. माणूस अबोल, पण नीट. मुलगा त्यांना ‘काका’ म्हणे.

त्या कागदांमध्ये ‘आयएमएम ५४०६’ या रुक्ष नावाचा एक फॉर्म होता. अर्जदाराच्या कुटुंबाची माहिती त्यात भरायची असते. आईवडील, पती, भावंडे आणि अपत्ये. अपत्यांच्या भागावर सूचना होती, ती अशा आशयाची: सगळी मुले लिहा; दत्तक असोत, सावत्र असोत, वय काहीही असो, कुठेही राहत असोत. प्रत्येकाच्या नावापुढे जन्मतारीख, व्यवसाय वगैरे रकाने आणि शेवटी एक प्रश्न: सोबत येणार आहे का? होय किंवा नाही.

त्या रात्री ताईंच्या घरी जी बैठक झाली, तिचा वृत्तान्त कोणत्याही मराठी घरातल्या वाचकाला नव्याने सांगावा लागणार नाही. मुलाच्या वडिलांची संमती लागणार, ते देतील की अडवतील याचा भरवसा नाही. पोराची शाळा नीट चालू आहे, ती कशाला मोडायची? आधी हिचे तिथे बस्तान बसू दे. पाहुण्यांच्या ओळखीच्या एका एजंटाने तर फोनवर सांगून टाकले की, पोराचे नाव अर्जात घातलेच नाही तर फाइल सोपी होते. सगळे बोलून झाल्यावर आमच्याकडे पाहिले गेले. शिकलेली माणसे म्हणून अशा बैठकांत समारोपाचा मान आमचा असतो. आम्ही म्हणालो, ‘तूर्तास तिचा एकटीचाच अर्ज करावा. मुलाचं मागाहून पाहता येईल.’

‘तूर्तास’. फार सभ्य शब्द आहे तो. त्यात नकार नसतो, म्हणून बोलणाऱ्याला तो टोचत नाही. आणि त्यात तारीख नसते, म्हणून ऐकणाऱ्याला तो कधी संपणार हे कळत नाही. मुलगा आतल्या खोलीत होता. दार उघडे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिसपेन्सिलीने फॉर्मचा कच्चा खर्डा भरला. अपत्यांची ओळ कोरी ठेवली.

*

आम्हाला शुद्धीवर आणले ते आमच्या व्यवसायातल्याच एका सवयीने. तळटीप वाचल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. अर्जासोबतची मार्गदर्शक पुस्तिका वाचता वाचता आम्ही कॅनडाच्या २००२ च्या स्थलांतर आणि निर्वासित संरक्षण नियमांतील कलम ११७ पर्यंत पोहोचलो. त्याच्या उपकलम ९ मधला ‘ड’ हा खंड जेमतेम एका वाक्याचा आहे. ते वाक्य आम्ही तीनदा वाचले.

त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा: आज जी स्त्री पतीच्या अर्जावर कॅनडात जाते, ती उद्या स्वतः कायम रहिवासी म्हणून आपल्या मुलाला बोलावू शकते, परंतु ती स्वतः गेली त्या वेळी हे मूल अस्तित्वात असूनही तिने त्याचे नाव सांगितले नसेल आणि त्यामुळे त्याची तपासणी झाली नसेल, तर पुढे तो मुलगा कुटुंबाच्या वर्गात तिचा कुटुंबीय मानला जाणार नाही. अर्ज उशिरा केला म्हणून दंड नाही, चूक झाली म्हणून दुरुस्ती नाही. कुटुंबाचे ते दार त्याच्यापुरते बंद. ९ सप्टेंबर २०१९ पासून कॅनडाने काही जणांसाठी हा नियम प्रायोगिक स्वरूपात शिथिल केला खरा. परंतु सवलत मिळेल या आशेवर मुलाचे नाव गाळणे आणि दोर आहे म्हणून विहिरीत उडी घेणे सारखेच.

या नियमाची दुसरी बाजू आम्हाला अधिक विचारात पाडणारी वाटली. मूल सोबत न्यायचे नसेल, तर तो कायदा जबरदस्ती करीत नाही. त्याचे नाव लिहा, सोबत येणार का या प्रश्नापुढे ‘नाही’ म्हणा, त्याची वैद्यकीय तपासणी मात्र करून घ्या. म्हणजे पुढे त्याला बोलावण्याचा मार्ग मोकळा राहतो. ताबा दुसऱ्या पालकाकडे असला तरीही हेच. म्हणजे त्या कायद्याला ‘येणार नाही’ हे उत्तर मान्य आहे. त्याला मान्य नाही ती कोरी ओळ. ‘येणार नाही’ हे एका अस्तित्वात असलेल्या मुलाविषयीचे विधान आहे. कोरी ओळ म्हणजे मूल ‘नाहीच’ असे विधान. विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदे यांच्यावर आयुष्य घालवलेल्या आम्हा दोघांना हा भेद परक्या देशाच्या नियमावलीकडून शिकावा लागला.

*

आम्ही मग आमच्या शब्दाकडे वळलो. दुःख झाले की कोशात डोके खुपसायचे, ही मराठीच्या प्राध्यापकांची पळवाट आहे. पण पळवाटेवरही कधी काही सापडते.

‘सावत्र’ हा शब्द ‘सापत्न’ या संस्कृत शब्दावरून आलेला, आणि त्याच्या मुळाशी ‘सपत्नी’, म्हणजे सवत. एक पुरुष, दोन बायका आणि त्यांची मुले, असे घर या शब्दाने गृहीत धरले आहे. ध्रुवाला मांडीवरून उठवणारी सुरुची आणि रामाला वनात धाडणारी कैकेयी या याच घरातल्या. राज्याला केंद्राकडून ‘सापत्न वागणूक’ मिळते असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हाही एकाच मांडीवर हक्क सांगणारी दोन मुलेच आपल्या मनात असतात. यात आईसोबत दुसऱ्या घरात आलेले मूल कुठेच नाही. त्याच्या आईला सवत नाही. ‘सावत्र बाप’ हा प्रयोग आपण नंतर ओढूनताणून केलेला. मुळात तो शब्द त्या मुलासाठी शिवलेलाच नव्हता.

शेजारच्या गुजरातीने मात्र त्याच्यासाठी शब्द घडवला आहे: ‘आंगळियात’. पुनर्विवाहाच्या वेळी आईचे बोट धरून नव्या घरी आलेले मूल. जोसेफ मॅकवान यांच्या १९८६ सालच्या, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कादंबरीचे हेच शीर्षक आहे. त्या शब्दात उपेक्षेची छटा आहेच; तरीही त्यात एक चित्र आहे. चालणारी आई, आणि तिच्या बोटाला धरून चालणारे मूल. आणि गंमत अशी की, कॅनडाच्या नियमांची वाटही नेमकी हीच आहे. तिथेही सावत्र मूल हे थेट सावत्र वडिलांचे अपत्य म्हणून येत नाही. पती पत्नीचा प्रायोजक होतो आणि मूल पत्नीच्या अर्जात तिच्यावर अवलंबून असलेले अपत्य म्हणून समाविष्ट होते. वय २२ च्या आत हवे आणि मूल अविवाहित हवे. आईच्या बोटाला धरूनच तो देशाच्या उंबरठ्यातून आत येतो. तिने बोट पुढे केले नाही, तर धरायला दुसरे बोट नसते.

या विचारात असताना आमच्यापैकी एकाने (कोणी ते महत्त्वाचे नाही) एकदम म्हटले, ‘अरे, हा तर कर्ण!’

दरवर्षी ‘मृत्युंजय’विषयी प्रश्न काढणाऱ्या माणसांच्या ध्यानात ही गोष्ट इतक्या उशिरा यावी, याची आम्हाला लाज वाटली. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला काय सांगतो? कन्येला विवाहापूर्वी झालेल्या पुत्राचा पिता म्हणजे तिच्याशी विवाह करणारा पुरुष, असे शास्त्र सांगते. तेव्हा धर्मानुसार तू पांडूचाच पुत्र आहेस. म्हणजे शास्त्राची आडकाठी नव्हती. कुटुंबाच्या व्याख्येत कर्णाला जागा होती. ती भरली गेली नाही, कारण विवाहाच्या वेळी कुंतीने त्या ओळीत नाव लिहिले नाही. पुढे युद्धाच्या तोंडावर ती स्वतः नदीकाठी गेली आणि नाव सांगितले. तोवर तपासणीची मुदत टळून गेली होती. कुंतीच्या मनात मुलाविषयी माया नव्हती असे कोणता वाचक म्हणेल? तिनेही ‘तूर्तास’ असेच म्हटले असणार.

*

त्या रविवारी आम्ही ताईंच्या घरी जाऊन आमचा समारोप मागे घेतला. चार दिवसांपूर्वी भारदस्त आवाजात बोललेल्या वाक्याचे खंडन स्वतःच करणे ही वर्गात सहज जमणारी गोष्ट घरात किती अवघड असते, ते आम्हाला कळले. भाची काही बोलली नाही. नंतर स्वयंपाकघरात मामीला एकटीला गाठून तिने एवढेच विचारले, ‘पण ह्यांना चालेल ना? मी विचारलेलंच नाही अजून.’

विचारण्याचे काम आमच्याकडे आले. विचारण्याजोगे होतेही, कारण प्रायोजकाला जे हमीपत्र द्यावे लागते, त्यातली एक तरतूद आम्हाला आता ठाऊक झाली होती. क्वेबेक प्रांत वगळता कॅनडात पत्नीसाठी दिलेली हमी ३ वर्षांची असते. तिच्या २२ वर्षांखालील मुलासाठी मात्र ती १० वर्षांची, किंवा मूल २५ वर्षांचे होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोवरची. त्या काळात या माणसांना शासकीय आर्थिक साहाय्य घ्यावे लागले, तर ते प्रायोजकाने फेडायचे. नोकरी गेली तरी हमी कायम. इतकेच नव्हे, पतिपत्नी विभक्त झाली तरी हमी कायम.

फोनवर आम्ही हे सारे शक्य तितक्या तटस्थपणे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग जावई म्हणाले, ‘मामा, म्हणजे उद्या आमचं दोघांचं पटलं नाही, तरी याचं मी बघायचं?’

‘हो. कायदा तसा आहे.’

पुन्हा शांतता. ‘मला दोन दिवस द्या.’

हे उत्तर ऐकून ताई खट्टू झाल्या. त्यांना लगेचचा होकार हवा होता. आम्हाला मात्र ते दोन दिवस मोलाचे वाटले. तत्काळ दिलेल्या होकारात पुष्कळदा सभ्यतेचाच भाग अधिक असतो; आमच्या ‘तूर्तास’सारखा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, तोही आम्हाला नव्हे, भाचीला. मुलाच्या पासपोर्टाची प्रत आणि शाळेचा दाखला पाठव, त्यांनी सांगितले. आणि, ‘तिकडे थंडी फार असते, त्याच्या बुटांचं माप घेऊन ठेव.’ प्रेमाविषयी एक अक्षर नाही. पण हिशेब मांडून, बरेवाईट पाहून स्वीकारलेले ते नाते आम्हाला अनेक उमाळ्यांपेक्षा भक्कम वाटले.

राहता राहिली जन्मदात्या वडिलांची संमती. सोबत न जाणाऱ्या पालकाने मुलाच्या स्थलांतराला हरकत नसल्याचे प्रतिज्ञेवर लिहून द्यायचे असते. ते गृहस्थ दोनदा येतो म्हणून आले नाहीत. तिसऱ्यांदा, दिवाळीनंतर, थेट आमच्या घरी आले; मामा-मामीचे घर त्यांना त्यातल्या त्यात परके वाटले नसावे. चहा निवेपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सही करतो. पण त्याच्या मधल्या नावाला हात लावू नका.’

आपल्याकडे माणसाचे नाव तीन पदरी असते. मधला पदर बापाचा. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नावही लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला. हा मुलगा त्याआधीचा. त्याच्या नावात आई नव्हतीच, आणि नवा बापही येणार नव्हता. आम्ही सांगितले, नाव आमच्या हातात नाही. पण अर्जात पासपोर्टाप्रमाणेच नाव लिहावे लागते, त्यामुळे तुमचे नाव तिथे राहील. त्यांनी सही केली. जाताना चपला घालता घालता त्यांनी विचारले, ‘तो माणूस बरा आहे ना?’ आम्ही होय म्हणालो. एकाच अर्जात एक बाप नावात होता आणि दुसरा हमीपत्राखालच्या सहीत. कोणाचेही नाव खोडून कोणी आत आले नव्हते.

याच सुमारास आम्हाला आठवण झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जुलै २०२२ च्या निकालाची. पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार आहे, असे त्या निकालाने सांगितले. आणि कागदोपत्री तिच्या पतीचा उल्लेख ‘सावत्र वडील’ असा करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश मुलाच्या मनाचा विचार न करणारा आणि जवळजवळ क्रूर ठरवला. एका शब्दात क्रौर्य असू शकते, ही गोष्ट न्यायालयाने नोंदवली. मात्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याचे सावत्र मूल आजही येत नाही. म्हणजे शब्द पुसला तरी व्यवहारात रिकामी ओळ उरतेच. ती भरायची तर कोणीतरी दत्तकविधान किंवा मृत्युपत्र असे काही लिहून ठेवावे लागते. पुन्हा तेच, लिहावे लागते.

*

न्यायालयाचा हुकूमनामा मराठीत होता. त्याचे इंग्रजी भाषांतर जोडायचे होते. आम्ही बाह्या सरसावल्या. अखेर आमच्या एम. ए.चा या प्रकरणात काही उपयोग! पण सूचना वाचताच हात आखडला. अर्जदाराच्या आईवडिलांनी, भावंडांनी, इतकेच काय काका-मामा, मावशी-मामी अशा नातलगांनीही भाषांतर करायचे नाही. भाचीला बोलावून घेण्यापुरते आम्ही त्या कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हतो. पण पक्षपात करू शकण्याइतके मात्र तिचे होतो. नियमाने बाद ठरण्याचा असा आनंद आम्हाला पूर्वी कधी झाला नव्हता.

भाषांतर पुण्याच्या एका अनुवादकाने प्रतिज्ञापत्रासह करून दिले. मूळ हुकूमनाम्यात ‘मुलाचा ताबा’ असे होते. जमिनीचाही ताबा, घराचाही ताबा आणि मुलाचाही ताबाच. इंग्रजीत त्याला वेगळा शब्द मिळाला, एवढे एक भाषांतराने साधले.

अर्ज २०२४ च्या जानेवारीत गेला. मुंबईला जाऊन मायलेकांची वैद्यकीय तपासणी झाली. पुढचे सव्वा वर्ष वाट पाहण्यात गेले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये, शाळेची परीक्षा देऊन, तो आईसोबत गेला. निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आला तेव्हा त्याने अचानक विचारले, ‘आजोबा, तुम्ही आधी म्हणाला होतात ना, मी नंतर जायचं म्हणून?’

दार उघडे होते, हे आम्ही वर लिहिलेच आहे.

‘हो, म्हणालो होतो,’ आम्ही म्हणालो. ‘आमचं चुकलं होतं.’

त्याने मान हलवली. या वयातली मुले माफ करतात की नोंद करून ठेवतात, ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. मग तो बूट दाखवायला लागला. एक माप मोठेच घेतले होते.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. तो अजूनही त्यांना ‘काका’च म्हणतो आणि त्यात कोणी दुरुस्ती सुचवलेली नाही. मागच्या आठवड्यात ‘काका’ त्याला बर्फावर घसरायला शिकवताना स्वतःच पडले, हे त्याने आम्हाला दोनदा सांगितले.

आमच्या टेबलाच्या खणात शिसपेन्सिलीने भरलेला तो पहिला खर्डा अजून आहे. अक्षर आमचे आहे, वळणदार आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. अपत्यांची ओळ तेवढी कोरी आहे. तो कागद आम्ही फाडलेला नाही.